विंडोज १० चा सपोर्ट संपला आणि जुने कॉम्प्युटर क्लब पुन्हा कामाला लागले. तिथं नेमकं काय चालतं?

कॉम्प्युटर चालू आहे. स्क्रीन ठीक, की-बोर्ड ठीक. मुलीचा दहावीचा प्रोजेक्ट, बाबांच्या पेन्शनचे कागद, लग्नाचे फोटो, सगळं त्यात नीट ठेवलेलं. आणि एक दिवस स्क्रीनवर सूचना येते की हा पीसी विंडोज ११ साठी पात्र नाही. दुकानात विचारलं तर उत्तर ठरलेलं असतं, "जुना झालाय साहेब, आता नवीनच घ्या."

१४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टनं विंडोज १० चा नियमित सपोर्ट थांबवला. याचा अर्थ त्या दिवशी मशीन बंद पडली असा नाही. ती चालतात, पण सुरक्षेच्या त्रुटी सापडल्या तर त्या बुजवणारे मोफत अपडेट आता आपोआप येत नाहीत. विंडोज ११ वर जायचं तर टीपीएम २.० नावाची सुरक्षा व्यवस्था आणि ढोबळमानाने २०१८ च्या आसपासचा किंवा त्यानंतरचा प्रोसेसर लागतो. त्याआधीच्या मशीनचं काय? कॅनालिस या बाजार संशोधन संस्थेनं डिसेंबर २०२३ मध्येच अंदाज वर्तवला होता की या बदलामुळे जगभरातले सुमारे २४ कोटी पीसी भंगारात जाऊ शकतात.

याच सुमारास 'एंड ऑफ टेन' नावाची एक मोहीम सुरू झाली. तिचं म्हणणं साधं होतं: मशीन फेकू नका, त्यावर लिनक्स टाका. ते टाकता येत नसेल तर तुमच्या गावात मदत करणारं कुणी आहे का ते बघा. त्यासाठी मोहिमेनं मदतीच्या ठिकाणांची यादीच केली. त्यात दुरुस्तीची दुकानं होती, रिपेअर कॅफे होते आणि कॉम्प्युटर वापरणाऱ्यांचे स्थानिक गटही होते. कुठे वाचनालयात, कुठे समाजमंदिरासारख्या एखाद्या हॉलमध्ये महिन्यातून एकदा जमणारी माणसं. फी नाही, पगार नाही.

आजच्या विशी-तिशीतल्या अनेकांना हा प्रकार नवा वाटेल. प्रत्यक्षात तो पर्सनल कॉम्प्युटरइतकाच जुना आहे.

म्हणजे हे क्लब कंपन्यांचे असतात का?

नाही, आणि तीच त्यांची खरी ओळख. 'युजर ग्रुप' किंवा कॉम्प्युटर क्लब म्हणजे एखादं मशीन किंवा सॉफ्टवेअर वापरणाऱ्या लोकांनी स्वतःसाठी चालवलेली संस्था. आपल्याकडच्या ज्येष्ठ नागरिक संघासारखी किंवा मित्रमंडळासारखी. अध्यक्ष, सचिव, खजिनदार, वार्षिक वर्गणी, महिन्याची सभा, आणि शेवटी चहा-बिस्किटं. कंपनीचा माणूस येऊ शकतो, नवं उत्पादन दाखवू शकतो, पण पाहुणा म्हणून. प्रश्न विचारणारे सभासद असतात आणि उत्तरं देणारेही बहुतेक वेळा सभासदच.

याची गरज का पडली हे समजायला १९७५ सालात जावं लागतं. त्या वर्षीच्या जानेवारीत अमेरिकेतल्या 'पॉप्युलर इलेक्ट्रॉनिक्स' मासिकाच्या मुखपृष्ठावर 'अल्टेअर ८८००' नावाचं मशीन झळकलं. किट स्वरूपात किंमत ४०० डॉलरच्या आसपास. लोकांनी धडाधड ऑर्डरी दिल्या. पण घरी आलेल्या खोक्यात सुटे भाग असायचे. ते स्वतः सोल्डर करून जोडायचे. जोडून झाल्यावर हातात यायची एक पेटी, जिला ना की-बोर्ड, ना स्क्रीन, ना स्पीकर. समोर नुसते खटके आणि लुकलुकणारे दिवे. खटके वर-खाली करून एकेक सूचना भरायची. आता याचं करायचं काय, हे सांगणारं जवळपास कुणी नव्हतं. दुकानदार नव्हता, क्लास नव्हता, पुस्तकंही नव्हती.

गॅरेजमधली पहिली सभा

५ मार्च १९७५, बुधवार. कॅलिफोर्नियातल्या मेन्लो पार्क इथं गॉर्डन फ्रेंच यांच्या गॅरेजमध्ये ३२ जण जमले. फ्रेंच आणि फ्रेड मूर या दोघांनी ही बैठक बोलावली होती. निमंत्रणाची चिठ्ठी ठिकठिकाणी लावली होती आणि तिचा आशय असा, की तुम्ही घरी कॉम्प्युटर बनवताय का, मग या, आपण माहितीची देवाणघेवाण करू. यातून उभा राहिला 'होमब्रू कॉम्प्युटर क्लब'. मूर यांनी लगेच त्याच महिन्यात क्लबचं छापील वार्तापत्रही काढलं.

या सभांमध्ये काय व्हायचं याचा एक किस्सा कॉम्प्युटरच्या इतिहासात कायमचा जाऊन बसलाय. त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये एका शाळेत भरलेल्या सभेत स्टीव्ह डॉम्पियर हा सभासद आपलं अल्टेअर घेऊन आला. बराच वेळ खाली बसून खटके वर-खाली करत त्यानं प्रोग्रॅम भरला आणि मशीनजवळ एक साधा रेडिओ ठेवला. मशीनमधल्या विद्युत लहरींमुळे रेडिओत खरखर होते हे त्याच्या लक्षात आलं होतं. ती खरखर कोणत्या वेळी किती व्हावी हे त्यानं प्रोग्रॅमनं ठरवलं, आणि रेडिओतून बीटल्सच्या एका गाण्याची चाल वाजू लागली. स्पीकर नसलेल्या मशीननं गाणं म्हटलं! जमलेल्या लोकांनी त्याला ते पुन्हा वाजवायला लावलं. ऐकायला गंमत वाटते, पण अल्टेअर काहीतरी 'करू शकतं' याचा तो अनेकांनी पाहिलेला पहिला पुरावा होता.

गर्दी वाढत गेली तशा सभा मोठ्या सभागृहात, स्टॅनफर्डच्या लिनिअर अ‍ॅक्सलरेटर केंद्रात होऊ लागल्या. ली फेल्सेन्स्टाइन सूत्रसंचालन करायचे. सभेचे साधारण दोन भाग असत. आधी लोक उभे राहून सांगणार, माझ्याकडे अमुक आहे, मला तमुक हवंय, मी या अडचणीत अडकलोय. मग सभा मोकळी सोडायची. ज्याला जो हवा तो माणूस त्यानं गर्दीतून हुडकायचा आणि कोपरा गाठायचा. या दुसऱ्या भागाला ते 'रँडम अ‍ॅक्सेस' म्हणायचे. कॉम्प्युटरच्या मेमरीवरून घेतलेलं नाव. आजही अनेक युजर ग्रुपच्या सभांमध्ये प्रश्नोत्तरांसाठी वेळ राखलेला असतो. त्याची झलक इथं सापडते.

पहिल्या सभेत मागे बसलेल्या लाजऱ्या तरुणांपैकी एक होता स्टीव्ह वॉझनिअ‍ॅक. तो तेव्हा एचपी कंपनीत नोकरी करायचा. क्लबमधल्या चर्चा ऐकून त्यानं स्वतःचा कॉम्प्युटर बनवला आणि त्याची आकृती क्लबमध्ये फुकट वाटली. मित्र स्टीव्ह जॉब्स म्हणाला, फुकट कशाला, बोर्ड बनवून विकू. पुढची गोष्ट सगळ्यांना माहीत आहे. १ एप्रिल १९७६ ला अ‍ॅपलची स्थापना झाली आणि अ‍ॅपल-१ ची ५० नगांची पहिली मोठी ऑर्डर दिली ती याच वर्तुळात वावरणाऱ्या पॉल टेरेल या दुकानदारानं. किंमत ठेवली होती ६६६.६६ डॉलर.

बिल गेट्स या क्लबवर का चिडले होते?

कारण सॉफ्टवेअर. अल्टेअरसाठी बेसिक ही भाषा तयार केली होती बिल गेट्स आणि पॉल अ‍ॅलन यांनी. ती छिद्रं पाडलेल्या कागदी पट्टीवर मिळायची आणि तिला पैसे पडायचे. अल्टेअरच्या एका प्रदर्शनातून यातली एक पट्टी कुणीतरी उचलली, तिच्या प्रती निघाल्या आणि होमब्रूच्या सभेत त्या वाटल्या गेल्या. अट एकच, एक नेलीत तर पुढच्या वेळी प्रती करून आणा.

३ फेब्रुवारी १९७६ च्या तारखेचं गेट्स यांचं 'छंदिष्टांना खुलं पत्र' क्लबच्या वार्तापत्रात छापून आलं. गेट्स तेव्हा २० वर्षांचे होते. त्यांचा हिशेब असा, की बेसिक तयार करताना वापरलेल्या कॉम्प्युटरच्या वेळेचीच किंमत ४० हजार डॉलरच्या वर जाते. पण अल्टेअर घेणाऱ्यांपैकी १० टक्क्यांहून कमी लोकांनी बेसिक विकत घेतलं. मिळालेली रॉयल्टी कामाच्या तासांनी भागली तर ताशी दोन डॉलरही पडत नाहीत. हार्डवेअरला पैसे मोजता आणि सॉफ्टवेअर मात्र वाटून घेता, ही चोरी आहे, असं त्यांनी थेट सुनावलं.

दोन्ही बाजूंचं म्हणणं समजण्यासारखं आहे. क्लबचा प्राणच मुळी वाटून घेण्यात होता, आणि लिहिणाऱ्याचं पोट विकण्यावर. हा पेच पुढे क्लबांनाच सोडवावा लागला. १९८२ मध्ये अमेरिकेत अँड्र्यू फ्लुगलमन आणि जिम नॉफ या दोघांनी वेगवेगळा विचार करून जवळपास एकच वाट काढली. प्रोग्रॅम वाटा, प्रती करा, आवडला तर पैसे पाठवा. त्यालाच पुढे 'शेअरवेअर' नाव पडलं. असे प्रोग्रॅम लोकांपर्यंत पोहोचायचे ते मुख्यतः क्लबांच्या फ्लॉपी लायब्ररीतून. त्या काळी 'डिस्क लायब्रेरियन' हे क्लबमधलं मोठं जबाबदारीचं पद होतं. घरी रात्री बसून शेकडो फ्लॉपींच्या प्रती काढणारा माणूस! आपल्याकडे मंडळाच्या वर्गणीची पावती पुस्तकं सांभाळणारा जसा एकच असतो, तसाच.

आणि १९९१ मध्ये लिनक्स आल्यावर हा प्रश्न क्लबांपुरता जवळपास मिटला. परवान्यातच लिहिलेलं होतं की प्रती करा, वाटा, बदला. गॅरेजमध्ये जे चोरून चाललं होतं ते आता राजरोस करता येणार होतं.

१३ वर्षांच्या मुलाचा क्लब

होमब्रू प्रसिद्ध झाला, पण आकाराने सगळ्यांना मागे टाकलं ते बॉस्टन कॉम्प्युटर सोसायटीनं. १९७७ च्या फेब्रुवारीत ती सुरू झाली. संस्थापकांपैकी जोनाथन रोटेनबर्ग तेव्हा फक्त १३ वर्षांचा होता. आधी मोजकी टाळकी जमायची. मग आयबीएम पीसी आला, ऑफिसांत कॉम्प्युटर शिरले आणि सभासदसंख्या ३० हजारांच्या पुढे गेली. हे सभासद फक्त बॉस्टनचे नव्हते, परदेशातलेही होते.

या क्लबचं वजन किती होतं? २४ जानेवारी १९८४ ला मॅकिंटॉश जगासमोर आला, आणि अवघ्या सहा दिवसांनी, ३० जानेवारीला, स्टीव्ह जॉब्स तो घेऊन या क्लबच्या सभेत हजर होते. कंपन्यांना ठाऊक होतं की इथले लोक खोचक प्रश्न विचारतात आणि उद्या ऑफिसात जाऊन हेच लोक सांगणार आहेत की काय घ्यायचं नि काय नाही.

मग १९९६ मध्ये ही संस्था बंद झाली. कारण फारसं गूढ नाही. विंडोज ९५ आल्यावर मशीन तुलनेनं सोपी झाली. इंटरनेट आलं, प्रश्न विचारायला महिन्याच्या सभेची वाट बघायची गरज उरली नाही. फ्लॉपी लायब्ररी कुणाला लागेना. होमब्रूनं तर त्याच्या दहा वर्षं आधी, १९८६ च्या डिसेंबरमध्येच शेवटची सभा घेतली होती.

मग आज क्लबमध्ये कोण जातं?

बहुतेक करून साठीच्या पुढची माणसं. अमेरिकेत अशा क्लबांची एक शिखर संघटना आहे, तिचं छोटं नाव 'अ‍ॅपकग'. १९८० च्या दशकात ती सुरू झाली आणि स्वयंसेवकच ती चालवतात. ऑस्ट्रेलियात १९८४ साली स्थापन झालेला मेलबर्नचा पीसी युजर ग्रुप अजून चालू आहे. अमेरिकेतल्या निवृत्तांच्या वसाहतींमध्ये पत्त्यांचा क्लब, बागकामाचा क्लब असतो तसाच कॉम्प्युटरचा क्लब असतो. करोनानंतर यातल्या अनेकांच्या सभा झूमवरही होतात.

विषय बदलले, माणसांची अडचण तीच राहिली. पूर्वी प्रिंटर जोडता येत नव्हता, आज फोनमधले फोटो कॉम्प्युटरवर येत नाहीत. पूर्वी व्हायरसची फ्लॉपी यायची, आज बँकेच्या नावाने फोन येतो. क्लबच्या आत छोटे छोटे गट असतात: फोटोवाल्यांचा, वंशावळ शोधणाऱ्यांचा, आयफोनवाल्यांचा, लिनक्सवाल्यांचा. ज्याला ज्यात रस त्यानं त्या गटात बसायचं. गट चालवणारा सभासद त्या विषयातला पंडित असावाच लागतो असं नाही. इतरांपेक्षा एक पाऊल पुढे असला तरी भागतं.

सगळ्यात जास्त गर्दी मात्र मदत टेबलावर. आणि तिथं बसणं हे दिसतं तितकं सोपं काम नाही.

समजा एक आजोबा लॅपटॉप घेऊन आले, ईमेल उघडत नाही म्हणून. स्वयंसेवकाला तीन क्लिकमध्ये उत्तर दिसतंय. हात शिवशिवतात. पण चांगल्या क्लबांमध्ये शिकवलेली पहिली गोष्ट ही असते की माउसला हात लावायचा नाही. माउस आजोबांच्याच हातात राहणार, तुम्ही शेजारी बसून तोंडानं सांगणार. वेळ तिप्पट लागतो, पण पुढच्या महिन्यात तेच आजोबा तोच प्रश्न घेऊन येण्याची शक्यता कमी होते. घरोघरी 'दे इकडे, मी करतो' म्हणून आईच्या हातातून फोन ओढून घेणाऱ्या मुलामुलींना हे जरा टोचेल.

दुसरी गोष्ट पासवर्डची. तो सभासदानंच टाइप करायचा, स्वयंसेवकानं तोंड फिरवायचं. कागदावर लिहून दिला तरी घ्यायचा नाही. पैशाच्या व्यवहाराचं पान उघडायची वेळ आली तर दुसऱ्या कुणालातरी शेजारी उभं करायचं. कारण उद्या खात्यातून काही गेलं, तर पहिलं बोट ज्यानं मदत केली त्याच्याकडेच जाणार. तिसरी गोष्ट बॅकअपची. तो नसेल तर मशीन उघडायचंच नाही, असा नियम अनेक ठिकाणी असतो, आणि काही बिघडलं तर क्लब जबाबदार नाही, अशा कागदावर आधी सही घेतली जाते. कुणाला हे कोरडं वाटेल. पण फुकट मदत करायला बसलेल्या माणसाच्या हातून एखाद्याच्या नातवंडांचे दहा वर्षांचे फोटो गेले, तर त्या मैत्रीचं काय होतं याची कल्पना करून बघा.

मशीन दुरुस्त करून देण्याचं कामही काही संस्था करतात. अमेरिकेतल्या पोर्टलंड शहरात २००० साली सुरू झालेल्या 'फ्री गीक'ची पद्धत भारी होती. दान आलेले जुने कॉम्प्युटर स्वयंसेवक उघडायचे, चांगले भाग वेगळे करायचे, त्यातून चालती मशीन जुळवायचे. २४ तास काम केलं की एक कॉम्प्युटर तुमचा. पैसे नसलेल्या माणसाला मशीनही मिळायचं आणि ते आतून कसं असतं हेही कळायचं. नेदरलँड्समधल्या अ‍ॅमस्टरडॅमला २००९ मध्ये मार्टिन पोस्टमा यांनी सुरू केलेला रिपेअर कॅफेही याच जातकुळीतला. आज जगभरात असे २,५०० हून जास्त कॅफे आहेत. बंगळुरूत २०१५ पासून हा उपक्रम चालतो.

महाराष्ट्रात असं काही होतं का?

होतं, पण वेगळ्या वाटेनं आलं. आपल्याकडे घरोघरी कॉम्प्युटर यायच्या आधी क्लास आला. २००१ मध्ये एमकेसीएलची स्थापना झाली, एमएस-सीआयटी गावोगावी पोहोचला, आणि कॉम्प्युटर शिकणं म्हणजे फी भरून सर्टिफिकेट घेणं हे समीकरण पक्कं झालं. अडचण आली तर कोपऱ्यावरचा दुरुस्तीवाला किंवा सायबर कॅफेतला दादा. एकमेकांना शिकवायला जमायचं, ही सवय लागली ती मुख्यतः लिनक्सवाल्यांना.

पुण्यात 'पुणे लिनक्स युजर्स ग्रुप' म्हणजे 'प्लग', मुंबईत तिथला लिनक्स गट. इंजिनीअरिंगची पोरं, आयटीतले नोकरदार, काही प्राध्यापक. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात लिनक्स मिळवणं हेच एक काम होतं. डायल-अपवर एक सीडीभर डेटा उतरवायला अनेक रात्री लागायच्या आणि फोनचं बिल वेगळं. त्यामुळे 'पीसीक्वेस्ट' मासिकासोबत येणारी लिनक्सची सीडी हातोहात फिरायची. मग 'इन्स्टॉल फेस्ट' भरायचे. लोक रिक्षातून, स्कूटरवर पायाशी ठेवून अख्खा सीपीयू घेऊन यायचे. पुण्यात सिम्बायोसिसच्या संगणक संस्थेत 'ग्नुनिफाय' हे संमेलन बरीच वर्षं भरलं, त्यात या गटातल्या लोकांचा मोठा हात होता.

याच मंडळींच्या आसपास आणखी एक काम उभं राहिलं, ज्याचा उपयोग आज हा लेख वाचणाऱ्यालाही होतोय. २००० च्या आसपास सुरू झालेल्या 'इंडलिनक्स' प्रकल्पानं भारतीय भाषा लिनक्सवर आणायचं ठरवलं. जोडाक्षरं नीट दिसणं, इन्स्क्रिप्ट की-बोर्ड चालणं, मेन्यूंचं मराठी भाषांतर. यातलं बरंच काम स्वयंसेवकांनी संध्याकाळी नोकरीवरून आल्यावर केलंय. 'फाइल'ला 'धारिका' म्हणायचं की 'फाइल'च ठेवायचं यावर तासन्‌तास वाद झालेत, आणि ते अजूनही मिटलेले नाहीत.

केरळनं आणखी पुढची मजल मारली. तिथं सरकारी शाळांमधल्या संगणक शिक्षणानंच मुक्त सॉफ्टवेअर स्वीकारलं. महाराष्ट्रात ते तितकं झालं नाही.

लिनक्सवाल्यांचा खट्याळपणाही जाता जाता सांगायला हवा. १५ फेब्रुवारी १९९९ ला कॅलिफोर्नियातल्या लिनक्स गटांचे लोक मायक्रोसॉफ्टच्या फॉस्टर सिटीतल्या ऑफिसवर चालून गेले. मागणी एकच. नव्या कॉम्प्युटरसोबत विंडोज आपोआप गळ्यात पडतं, आम्ही ते वापरत नाही, परवान्यात लिहिलंय तसे आमचे पैसे परत द्या. पैसे मिळाले नाहीत, पण पेपरात बातमी आली.

मग जुन्या विंडोज १० वाल्यानं लिनक्स टाकावं का?

इथं क्लबमधला अनुभवी माणूस आणि उत्साही पोरगा यांतला फरक दिसतो. उत्साही पोरगा म्हणेल, टाका डोळे झाकून. अनुभवी माणूस आधी विचारेल, तुम्ही यावर काय काय करता?

ब्राउझर, ईमेल, यूट्यूब, व्हॉट्सअ‍ॅप वेब, साधं टायपिंग, पीडीएफ: एवढंच असेल तर लिनक्स मिंट किंवा उबंटूवर काम अडत नाही. मशीनमध्ये ४ जीबी रॅम आणि जुनी हार्ड डिस्क असेल, तर डिस्कच्या जागी साधी एसएसडी बसवल्यावर फरक लगेच जाणवतो. युनिकोड मराठी तर उत्तम चालतं, इन्स्क्रिप्ट आधीच दिलेला असतो.

पण घरात दुकानाचा हिशेब टॅलीवर असेल तर थांबा, टॅली विंडोजसाठी बनलेलं आहे. डिजिटल सिग्नेचरची यूएसबी लावून टेंडर किंवा रिटर्न भरत असाल तर आधी चाचणी घ्या. आणि मराठी डीटीपीवाल्यांनी विशेष जपावं. पेजमेकरमधल्या जुन्या फाइल, श्री-लिपीसारख्या युनिकोड नसलेल्या फॉन्टमधला मजकूर लिनक्सवर उघडला की अगम्य अक्षरांचा ढीग दिसतो. अशा माणसाला लिनक्स टाकून देणं म्हणजे मदत नव्हे, त्याचा धंदा बसवणं आहे. त्याच्यासाठी मायक्रोसॉफ्टचा वाढीव सुरक्षा अपडेटचा पर्याय बरा, जो घरगुती ग्राहकांसाठी १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत जाहीर झाला. त्यासाठी मायक्रोसॉफ्टचं खातं लागतं. ३० डॉलर मोजायचे, रिवॉर्ड पॉइंट वापरायचे किंवा सेटिंग्जचा बॅकअप सुरू करून ते मोफत घ्यायचे, असे मार्ग ठेवलेत. म्हणजे वर्षभराची सवड. तेवढ्यात जुन्या फाइल युनिकोडमध्ये आणायचं काम उरकता येतं.

एकाच मशीनमध्ये दोन्ही ठेवायचाही मार्ग आहे. सुरू करताना विंडोज की लिनक्स ते निवडायचं. फक्त विंडोज १० त्यात राहणार असेल तर त्याला इंटरनेटपासून लांब ठेवलेलं बरं.

अडचण कुठे आहे?

मदत मागणारे भरपूर, टेबलाच्या पलीकडे बसणारे कमी. क्लब बंद पडतात ते बहुतेक वेळा सभासद नाहीत म्हणून नाही, तर अध्यक्ष व्हायला कुणी तयार नाही म्हणून. तोच खजिनदार पंधरा वर्षं, तोच वार्तापत्र काढणारा वीस वर्षं. मग एक दिवस त्याची तब्येत बिघडते आणि हॉलची किल्ली कुणाकडे, बँकेत सही कुणाची, पासवर्ड कुणाला माहीत, इथपासून सुरुवात होते. इतरांना पासवर्ड जपायला शिकवणाऱ्या क्लबचाच पासवर्ड कुणाला माहीत नसणं, हे हसण्यावारी नेण्यासारखं नाही.

तरुण का येत नाहीत? कारण त्यांना वाटतं की उत्तर नेटवर मिळतं, आणि ते खोटंही नाही. आता तर एआयला विचारलं तरी सांगतो. पण ज्याला प्रश्नच नीट मांडता येत नाही, स्क्रीनवर आलेली सूचना खरी की फसवी हेच कळत नाही, त्याच्यासाठी शेजारी बसणारा माणूस लागतो. आपल्याकडे 'डिजिटल अरेस्ट'च्या नावाखाली निवृत्तांचे लाखो रुपये गेल्याच्या बातम्या सारख्या येतात. फसवणूक झाली तर १९३० या हेल्पलाइनवर लगेच फोन करायचा असतो, हे किती घरांत माहीत आहे? ज्येष्ठ नागरिक संघ अधूनमधून स्मार्टफोनची कार्यशाळा घेतात. ती होते, फोटो निघतात, हार घातला जातो. पुढच्या मंगळवारी यूपीआयचा पिन अडकला तर विचारायचं कुणाला, हा प्रश्न मात्र तसाच राहतो. दर महिन्याला, ठरलेल्या वारी, ठरलेल्या खोलीत दोन माणसं बसलेली असली तर तो सुटू शकतो. त्यासाठी इंजिनीअर असावं लागत नाही.

जायचं असेल तर काय न्यायचं?

जवळपास लिनक्स गटाची सभा, कॉलेजातला इन्स्टॉल फेस्ट किंवा रिपेअर कॅफे असेल तर आधी कळवून जावं, कारण मदत करणारे मोजकेच असतात. फाइलींची एक प्रत बाहेरच्या हार्ड डिस्कवर किंवा पेनड्राइव्हवर घरीच काढून ठेवायची. त्या डिस्कवरच्या चार-दोन फाइल उघडून बघायच्या, नुसत्या कॉपी झाल्या म्हणून समाधान मानायचं नाही. कोणते प्रोग्रॅम वापरता, प्रिंटर कोणता, हे कागदावर लिहून न्यायचं. वायफायचा आणि ईमेलचा पासवर्ड स्वतःला आठवतोय ना हे तपासायचं. किमान ८ जीबीचा एक रिकामा पेनड्राइव्ह सोबत ठेवायचा. आधी त्यावरूनच लिनक्स चालवून बघता येतं, कॉम्प्युटरमधलं काहीही न पुसता. आवाज येतो का, वायफाय पकडतं का, प्रिंटर ओळखतो का ते तिथल्या तिथे दिसतं, आणि नाही पटलं तर पेनड्राइव्ह काढून घरी जाता येतं. लॅपटॉपचा चार्जर मात्र विसरू नका. अर्ध्या बॅटरीवरच्या मशीनवर कुठलाही शहाणा स्वयंसेवक इन्स्टॉल सुरू करत नाही.